पाठ करायचं का शिकायचं?

नगरजवळच्या भिंगारच्या माध्यमिक शाळेत नववीला इंग्रजी शिकवत असताना एका मुलीने मला विचारले होते, "सर, हे पाठ करायचं का शिकायचं?" फळ्यावर 'माय मदर' हा निबंध होता. तिला तो तोंडपाठ होता. स्पेलिंगची एकही चूक न करता ती तो लिहून दाखवी. पण "तुझी आई सकाळी किती वाजता उठते?" हे मी इंग्रजीत विचारले, तेव्हा ती खाली मान घालून बसली. तिच्या त्या प्रश्नाने मला जुन्या कागदपत्रांकडे नेले. त्यानंतर कित्येक सुट्ट्या मी एकाच शोधात घालवल्या: आपल्या या भागात इंग्रजी कोणी, कोणाला आणि कशासाठी शिकवली?

नगर आणि इंग्रजी म्हटले की किल्ला आठवतो. १९४२ ते १९४५ या काळात तिथे बंदिवासात असलेल्या नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'ची पत्रे उर्दूत लिहिली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. नेहरूंचे पुस्तक १९४४ मध्ये लिहून झाले. माझा पिच्छा पुरवते ते मात्र त्याच्या बरोबर नव्वद वर्षे आधीचे साल, १८५४. त्या एका सालात इंग्रजीविषयी तीन निकाल लागले. एक लंडनमध्ये, एक नगरमध्ये आणि एक पुण्यात.

लंडनचा निकाल म्हणजे १९ जुलैचा वुडचा खलिता. उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि सामान्य जनतेचे शिक्षण देशी भाषांतून, ही त्यातली वाटणी शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेला लिहिलेली असते, म्हणून तिथे रेंगाळत नाही. नगरचा निकाल मात्र फारसा कोणाला माहीत नाही.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे उघडले ते १८३१ मध्ये. १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' इथूनच निघू लागला. मुलांसाठी मिशनची सेमिनरी होती आणि तिथे इंग्रजीही शिकवली जाई. मुलींच्या शाळा सिंथिया फॅरार चालवीत. अमेरिकेच्या परदेश मिशन बोर्डाने समुद्रापलीकडे पाठवलेल्या पहिल्या काही अविवाहित अमेरिकन स्त्रियांपैकी त्या एक. १८२७ च्या अखेरीस त्या मुंबईत उतरल्या, १८३९ मध्ये नगरला आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांच्या शाळांत मुली शिकल्या त्या मराठीतून. नगरची ही मुलींची शाळा पाहूनच आपल्याला पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा झाली, असे जोतीराव फुले यांनी नोंदवून ठेवले आहे. सावित्रीबाईंनीही शिक्षिका होण्याचे धडे फॅरारबाईंकडेच घेतले.

१८५४ च्या शेवटी या मिशनची झाडाझडती घ्यायला बोस्टनहून रूफस अँडरसन आले. मिशन बोर्डाचे ते सचिव. सोबत ऑगस्टस थॉम्पसन होते. डिसेंबरमध्ये नगरला मिशनची खास बैठक भरली. अँडरसन यांचा विचार असा होता की मिशनचे काम देशी भाषेतच झाले पाहिजे. इंग्रजी शिकलेली मुले सरकारी कचेऱ्यांत आणि व्यापारात जातात, आपल्याच माणसांपासून तुटतात आणि मिशनचा पैसा त्यांना नोकरीयोग्य बनवण्यात खर्च होतो. चर्च स्वतःच्या खर्चाने चालावे, त्याचा कारभार स्थानिकांच्या हाती असावा आणि त्याचा प्रसारही त्यांनीच करावा, हे त्यांचे सूत्र पुढे जगभर गाजले. मिशनच्या इंग्रजी शाळांचा काटा निघाला तो याच सूत्राने. श्रीलंकेतली बट्टिकोट्टाची नामांकित सेमिनरी १८५५ मध्ये बंद झाली आणि मराठी मुलखातही मिशनने इंग्रजीतून शिकवणे सोडले.

यावरून मोठे वादळ उठले. खुद्द बोर्डात फूट पडली. मार्च १८५६ मध्ये आल्बनी इथे खास सभा बोलवावी लागली आणि अँडरसन-थॉम्पसन यांच्या शिष्टमंडळाने आपल्या अधिकाराबाहेर जाऊन निर्णय घेतले का, याची चौकशी झाली. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते: सरकारी शाळा आणि स्कॉटिश मिशनच्या शाळा इंग्रजी शिकवीत असताना आपण दार लावले, तर हुशार मुले तिकडेच जातील. पुढे तसेच झाले आणि याच मिशनला काही दशकांनी इंग्रजी शिकवणारी हायस्कुले काढावी लागली.

या वादावर मी जितके वाचले तितका अँडरसन यांच्याविषयीचा माझा राग कमी होत गेला. मुलाला त्याच्या भाषेत शिकवा, हे त्यांचे म्हणणे आजचा कोणताही बालशिक्षणतज्ज्ञ मान्य करील. चूक होती ती दुसरीकडे. निर्णय घेणारे सगळे मिशनरी होते. सेमिनरीच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला इंग्रजी कशाला हवी होती, हे ठरवले त्याच्या वतीने इतरांनी.

त्या मुलाच्या बाजूचे उत्तर त्याच साली पुण्यात छापले गेले. सावित्रीबाई फुले यांचा 'काव्यफुले' हा संग्रह १८५४ चाच. त्यातल्या काही कविता इंग्रजीवर आहेत आणि एकीचे नावच 'इंग्रजी माऊली' आहे. ज्यांना अक्षराच्या जवळही फिरकू दिले नव्हते, त्या शूद्रातिशूद्रांना ज्ञानाचे दार उघडणारी भाषा म्हणून सावित्रीबाई तिच्याकडे पाहतात. नगरला मराठीतून अध्यापनाचे धडे घेतलेली ही बाई इंग्रजीला माऊली म्हणते आणि हे म्हणते ते मराठीतल्या कवितेत! त्याच वर्षी नगरच्या बैठकीत इंग्रजीला रजा दिली जाते. एका जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात यापेक्षा बोलका योगायोग मला दिसलेला नाही.

पुढची जवळपास दीडशे वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण त्यांत तोच वाद नव्या कपड्यांत येत राहतो. १८५९ पासून मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक सुरू झाली आणि इंग्रजी ही परीक्षेची भाषा झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसाच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या. मराठी वाक्याचे इंग्रजी, इंग्रजीचे मराठी, अशी ती पद्धत. आज तिला जुनाट म्हणतात, पण त्या माणसांना दोन्ही भाषांची वीण कळत होती. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने आठवीच्या आधीचे इंग्रजी बंद केले. नंतर ते पाचवीत आले आणि २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून सुरू झाले. मग मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे 'सेमी'चे वर्ग आले. दर वेळी चर्चा झाली ती कितवीपासून या एकाच मुद्द्यावर.

भिंगारच्या वर्गात उभे राहिले की हा मुद्दा फार दुय्यम वाटतो. छावणीला खेटून असलेल्या या गावात इंग्रजी मुलांना परकी नाही. ती लष्करी पाट्यांवर आहे, मोबाइलमध्ये आहे, दुकानांच्या नावांत आहे. मुलांकडे नाही ते इंग्रजीत स्वतःचे वाक्य. गाइडमधली उत्तरे आहेत, पत्रलेखनाचे साचे आहेत, अपठित उताऱ्यातून जसेच्या तसे उचललेले शब्द आहेत. साहित्याचीही तीच गत. इंग्रजी कुमारभारतीतली कविता आपण शिकवतो ती प्रश्नोत्तरांपुरती. कवी काय पाहतो आहे, हे मुलाने आधी मराठीत आपल्या शब्दांत सांगितले तर इंग्रजी ओळ त्याला उमगते. पण तेवढ्यासाठी तासिका पुरत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो. अँडरसन यांचे अर्धे बरोबर होते आणि सावित्रीबाईंचे पूर्ण. मुलाला समज येते ती त्याच्या भाषेतूनच. म्हणून इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे हा गुन्हा मानू नये. पण इंग्रजी कोणाला मिळावी हे वरून कोणी ठरवू नये. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तक नाही, त्या मुलाला ती सर्वांत नीट, सर्वांत तयारीच्या शिक्षकाकडून मिळाली पाहिजे. फॅरारबाईंच्या कामातली मोठी गोष्ट शाळांची संख्या ही नव्हती. त्यांनी शिकवणाऱ्या बायका घडवल्या, ही होती. आपण इंग्रजी पहिलीत आणली, पण ती शिकवणारी माणसे घडवण्याचे काम मागे राहिले.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती आहे. उद्याच्या तासाला निबंध लिहून देऊ नका. प्रत्येक मुलाला त्याच्या घरातल्या एका माणसाविषयी एक इंग्रजी वाक्य स्वतः रचू द्या, ते चुकले तरी चालेल. त्या मुलीला मी त्या दिवशी उत्तर दिले नव्हते. आज देतो: शिकायचं, बाळ. पाठ करायचं नाही.