तंबोरा बोलत नाही, की कान ऐकत नाही?

कोजागिरीला आमच्या गच्चीवर जी मंडळी जमतात, त्यांना आटवलेले दूध हे केवळ निमित्त असते. खरा कार्यक्रम म्हणजे प्रत्येकाने आपल्या आयुष्यातली न विसरता येणारी मैफल सांगायची. त्याच त्या मैफली दरवर्षी सांगितल्या जातात आणि कुणालाही कंटाळा येत नाही. कुणी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात रात्रभर शाल गुंडाळून बसलेला असतो. पहाटे भीमसेनजी गायला बसले तेव्हा थंडी कुठे पळाली हे त्याला आजही सांगता येत नाही. कुणी कुमार गंधर्वांना समोर बसून ऐकलेले असते. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालेला हा गवई उपचारानंतर १९५० च्या दशकात पुन्हा गाऊ लागला. त्यांचे नाव निघाले की डॉक्टर म्हणून चार शब्द बोलण्याची संधी मी सोडत नाही.

आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींची आठवण मात्र मिरजेतलीच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी दरवर्षी गवई हजेरी लावतात. सात-आठ वर्षांचे असताना गुरुजी वडिलांचे बोट धरून तिथे गेले होते. त्या रात्री कोण गायले ते त्यांच्या लक्षात नाही. लक्षात राहिले ते दोन तंबोरे. "गवयाने तोंड उघडण्यापूर्वीच माझे गाणे ऐकून झाले होते," असे ते म्हणत.

गेल्या कोजागिरीला गुरुजींची पाळी आली तेव्हा त्यांनी ती आठवण सांगितलीच नाही. नुसते म्हणाले, "जाऊ द्या. आता मिरजेचे तंबोरेही पूर्वीसारखे बोलत नाहीत." गच्चीवर एकदम शांतता पसरली, कारण त्यांच्या शेजारीच आमचे कारागीर मित्र बसले होते. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या तंबोरे घडवले जात आहेत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा याच भाईंनी आम्हा सर्वांना पेढे वाटले होते. त्यांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "गुरुजी, जवारी उघडली की नाही हे सांगायला तुम्हीच दुकानात यायचात. दोन वर्षे झाली, आला नाहीत," एवढे बोलून ते जिना उतरून गेले.

मला त्या वाक्यात भांडण दिसले नाही, लक्षण दिसले. सुज्ञ वाचकांना हे विचित्र वाटेल, पण खोड जात नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना दवाखान्यात बोलावले. सोबत वहिनी होत्या, त्यामुळे खरी हकीकत कळली. दूरदर्शन संच मोठ्याने लागतो, नातीचे बोलणे कळत नाही, 'सात' म्हटले तर 'आठ' ऐकतात, आणि वर "हल्ली सगळेच पुटपुटतात" हे ऐकवतात. मैफलींना जाणे बंद झाले होते. "हल्लीचे गवई शब्द खातात," हे त्याचे कारण.

कानात मळ नव्हता. माझ्याकडच्या ५१२ कंपनांच्या नादकाट्याचा आवाज त्यांना उत्तम ऐकू आला आणि ते विजयी मुद्रेने वहिनींकडे पाहू लागले. पण हा काटा मध्य पट्टीतला. खरी गोम वरच्या पट्टीत असते. श्रवणतज्ज्ञांकडे ऑडिओमेट्री करून घेतली, तर २००० कंपनांपर्यंत बरा असलेला आलेख पुढे घाट उतरावा तसा खाली गेलेला.

हे असे का होते? आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यात पेटीच्या पट्ट्यांसारख्या ओळीने केसधारी पेशी बसवलेल्या असतात, एका कानात जेमतेम पंधरा हजार. दाराशी वरच्या सुरांच्या, आत टोकाला खर्जाच्या. वयाबरोबर आधी दाराजवळच्या पेशी झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे आवाज येतो, पण 'स', 'श', 'फ' ही वरच्या पट्टीतली व्यंजने गळतात आणि समोरचा पुटपुटतो आहे असे वाटते. तंबोऱ्याचेही तेच. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून कारागीर जी जवारी काढतो, ती म्हणजे मूळ सुरावर उमटणारे वरवरचे स्वरांश. गुरुजींना तार ऐकू येत होती, जवारी येत नव्हती. तंबोरा खरोखरच त्यांच्याशी बोलेनासा झाला होता. दोष फक्त भाईंचा नव्हता.

वयाच्या झिजेला इलाज नाही, पण त्याच गच्चीवर दुसरी एक आठवण निघाली होती, तिला आहे. एका मित्राचा नातू पुण्याला शिकतो. त्याने मोठ्या उत्साहाने मैदानावरचा एक कार्यक्रम सांगितला. अगदी ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे जागा मिळाली, छातीत ढोल वाजत होते, आणि "दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, डॉक्टरकाका!" हे त्याने बक्षीस मिळाल्यासारखे सांगितले. कानाला दडे बसणे आणि शिट्टी वाजणे म्हणजे त्या पेशी मार खाऊन पडल्याची खूण आहे. बहुतेक वेळा दोन-एक दिवसांत त्या सावरतात. वारंवार मार बसला तर सावरत नाहीत, आणि पहिला घाव साधारण ४००० कंपनांवर बसतो. गुरुजींचा आलेख चौऱ्याहत्तराव्या वर्षी उतरला. या मुलाचा तिशीतच उतरेल.

याचा हिशोब सावकारी व्याजासारखा आहे. ८५ डेसिबल आवाज कान आठ तास सोसतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असे सांगितले आहे. उघड्या मैदानावर ध्वनिक्षेपकापासूनचे अंतर दुप्पट केले की साधारण सहा डेसिबल कमी होतात. तेव्हा मागे उभे राहावे, मधूनमधून बाहेर येऊन कानाला विसावा द्यावा, आणि औषधाच्या दुकानात मिळणारे कानातले बुचे वापरावेत. कापसाच्या बोळ्याचा फारसा उपयोग होत नाही.

आणखी एक गोष्ट ठळक अक्षरात छापावी अशी. एका कानाला अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर तेल घालत बसू नये. त्याच दिवशी नाक-कान-घसा तज्ज्ञाला गाठावे. औषधाने फायदा व्हायची शक्यता पहिल्या काही दिवसांतच जास्त असते.

गुरुजींना श्रवणयंत्र घ्यायला लावणे हे ऑडिओमेट्रीपेक्षा कठीण गेले. चष्म्याची लाज वाटत नाही आणि यंत्राची वाटते, हे कोडे मला तीस वर्षांच्या व्यवसायात सुटलेले नाही. शेवटी नातीने हट्ट धरला. पहिल्या आठवड्यात ते चिडून आले: "डॉक्टर, बोलणे कळते, पण गाणे पत्र्यावर खडे पडल्यासारखे लागते." तक्रार रास्त होती. ही यंत्रे मुळात बोलण्यासाठी जुळवलेली असतात. संगीतासाठी वेगळी जुळवणी करून घेता येते, पण ती मागावी लागते. श्रवणतज्ज्ञांकडे तीन फेऱ्या झाल्या, मेंदूला सवय व्हायला दोन महिने गेले. पूर्वीचा कान परत आलेला नाही, हे त्यांना मी स्पष्ट सांगितले आहे.

गेल्या महिन्यात ते आपणहून भाईंच्या दुकानात गेले. मी बरोबर होतो. भाईंनी काही न बोलता नवा तंबोरा पुढ्यात ठेवला. गुरुजी डोळे मिटून बराच वेळ छेडत राहिले आणि म्हणाले, "भाई, जोडीच्या तारेचा धागा केसभर मागे घ्या." भाईंनी घेतला. तो खरोखर घ्यायला हवा होता की त्यांनी मैत्रीखातर घेतला, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.