जळगाव नक्की कोणतं?

संग्रामपूरच्या बसस्टँडवर कुणी 'जळगावला चाललो' म्हणालं, की ऐकणारा जळगाव जामोदच समजतो. तेच वाक्य भुसावळला उच्चारलं, तर गाव थेट खानदेशातलं! बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव राजा आहे, पिंपळगाव काळे आहे आणि पिंपळगाव सराईही. नुसत्या नावावरून नेमकं ठिकाण कसं ओळखायचं, हा प्रश्न डेटाबेसलाही रोज पडतो, आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे.

डेटाबेसमध्ये माहिती टेबलांत असते आणि टेबलांच्या गटाला स्कीमा म्हणतात. समजा, 'बुलढाणा' आणि 'जळगाव' असे दोन स्कीमा आहेत आणि दोन्हींत 'गावे' नावाचं टेबल आहे. आपण नुसतं 'गावे' मागितलं, तर पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस 'सर्च पाथ' ही स्कीमांची यादी उघडतो. यादीत बुलढाणा आधी असेल, तर तिथलं टेबल सापडताच शोध थांबतो. जळगावात त्याच नावाचं दुसरं टेबल आहे की नाही, हे तो पाहतही नाही. यादीचा क्रम उलटा करा: आज्ञेतलं एक अक्षरही न बदलता दुसऱ्या जिल्ह्याची गावं समोर येतात!

त्याहून विलक्षण म्हणजे, तुम्ही 'गावे' नावाचं तात्पुरतं टेबल केलंत, तर तुमच्यापुरती दोन्ही मूळ टेबलं झाकली जातात. त्याच क्षणी बाकीच्यांना मात्र त्यांची टेबलं जशीच्या तशी दिसत असतात.

एकदा टेबल सापडलं, की डेटाबेस नाव सोडून त्याचा अंतर्गत क्रमांक धरतो. म्हणून एखाद्या टेबलावर 'व्ह्यू', म्हणजे नाव देऊन साठवलेली क्वेरी, बांधला आणि नंतर टेबलाचं नाव बदललं, तरी व्ह्यू त्याच टेबलाला धरून राहतो. जनगणनेनेही हीच युक्ती वापरली आहे: 2011च्या यादीत जळगाव जिल्ह्याचा क्रमांक 499, तर बुलढाण्याचा 500.

पहिलं सापडेल ते खरं, या नियमात धोकाही आहे. पूर्वी सर्वांच्या 'पब्लिक' स्कीमात कुणीही वापरकर्ता नवी टेबलं आणि फंक्शनं तयार करू शकत असे. त्यामुळे ओळखीच्या नावाची बनावट वस्तू वाटेत ठेवणं शक्य होतं. 2018 मध्ये या धोक्याची अधिकृत नोंद झाली आणि 2022च्या पंधराव्या आवृत्तीपासून ही सरसकट परवानगी काढून घेतली गेली.

तेव्हा महत्त्वाच्या कामात यादीवर विसंबू नका. 'बुलढाणा.गावे' असं पूर्ण नाव लिहा.