शर्यतीची घोडी
चांदवडकर मंडळी, होळकरांचा रंगमहाल तुमच्या गावात. घोडदळाच्या गोष्टी तुम्हांला नव्या नाहीत. शर्यतीच्या घोडीचे मात्र निराळे. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली. ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने.

घोडी पळायची थांबली की तिची वीण सुरू होते. अकरा महिने गाभण, वर्षाला एक शिंगरू. तुमच्या गाईला कृत्रिम रेतन चालते. या थरोब्रेड जातीला ते चालत नाही, घोडा समक्षच लागतो. आणि शिंगरू केव्हाही जन्मो, वय मोजायचे १ जानेवारीपासून! म्हणून घोडी फेब्रुवारीच्या आत फळवत नाहीत. डिसेंबरअखेर व्याली, तर चार दिवसांचे पोर कागदावर वर्षाचे ठरते, आणि पुढे थोराड सोबत्यांबरोबर पळते.