पशुवैद्यक शिक्षणाची पूर्वतयारी
पशुवैद्यक पदवी अभ्यासक्रमास प्रवेश मिळविण्यासाठी व तो पेलण्यासाठी विद्यार्थ्याने आधी केलेला अभ्यास, विषयांची निवड आणि जनावरांशी साधलेला परिचय यांचा समावेश या तयारीत होतो. तिचे स्वरूप देशोदेशी भिन्न आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बहुतेक विद्यार्थी आधी महाविद्यालयात जीवविज्ञान, रसायनशास्त्र इ. विषय शिकून नंतर चार वर्षांच्या पशुवैद्यक अभ्यासक्रमास प्रवेश घेतात. भारतात बारावीनंतर थेट प्रवेश मिळतो. त्यामुळे येथे ही तयारी अकरावी-बारावीच्या दोन वर्षांतच पुरी करावी लागते.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात या निर्णयाला विशेष महत्त्व आहे. कापूस पिकविणाऱ्या या प्रदेशात बैल, गाई व शेळ्या हे शेतकरी कुटुंबाचे भांडवल असते. परंतु जिल्ह्यात पशुवैद्यक महाविद्यालय नाही. पुसदजवळील वरुड येथे दुग्धतंत्रविद्येचे महाविद्यालय आहे. ते महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचेच (स्थापना २०००, नागपूर) असले, तरी तेथील पदवी अभियांत्रिकी स्वरूपाची असून तीसाठी गणित आवश्यक असते. तिच्यामुळे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. पशुवैद्यक अभ्यासक्रमासाठी मात्र भौतिकी, रसायनशास्त्र, जीवविज्ञान व इंग्रजी हे विषय लागतात. अकरावीत जीवविज्ञान सोडणाऱ्यास हा मार्ग सामान्यतः बंद होतो. उलट प्राणिविज्ञानाची पदवी आधी घेतल्याने पशुवैद्यक शिक्षणाचा कालावधी कमी होत नाही.

प्रवेश राष्ट्रीय पात्रता नि प्रवेश परीक्षेतील (नीट) गुणवत्तेनुसार दिला जातो. तीत एकूण ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवविज्ञानास असून चुकीच्या उत्तरासाठी एक गुण वजा होतो. राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद अखिल भारतीय पातळीवर भरते. उरलेल्या जागांसाठी विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो. मुंबई (१८८६), नागपूर (१९५८), परभणी (१९७२), उदगीर (१९८७) व शिरवळ (१९८८) ही विद्यापीठाची जुनी पशुवैद्यक महाविद्यालये होत. पदवीचा कालावधी एका वर्षाच्या आंतरवासितेसह साडेपाच वर्षांचा आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पदवीनंतर नोंदणी झाल्यावरच पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येतो.

परीक्षेच्या गुणांत न मोजला जाणारा तयारीचा भाग म्हणजे निरीक्षण. निरोगी जनावराचे रवंथ, श्वसन, शेण व चाल यांची ओळख असल्यास रोगाची लक्षणे लवकर ध्यानात येतात. पहिल्या वर्षीच्या शारीर, शरीरक्रियाविज्ञान व पशुधन उत्पादन व्यवस्थापन या विषयांचा अर्थही अशा विद्यार्थ्यास अधिक स्पष्ट होतो. घटसर्प व फऱ्या हे जंतुजन्य रोग, तर लाळ-खुरकूत व २०२२ मध्ये महाराष्ट्रात पसरलेला लम्पी त्वचारोग हे विषाणुजन्य, हा भेद बारावीच्या जीवविज्ञानाच्या आधारे समजू शकतो. गावातील लसीकरण मोहीम किंवा पशुवैद्यकीय दवाखाना पाहिल्यास मोठे जनावर आवरणे, रात्री-अपरात्री प्रसूतीसाठी जाणे, पशुपालकाची आर्थिक अडचण ओळखून उपचार सुचविणे इ. कामांची आगाऊ कल्पना येते. या कष्टांची तयारी असलेल्या विद्यार्थ्यानेच हा मार्ग निवडणे हितावह ठरते. केवळ वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून येणाऱ्यास तो दीर्घ वाटण्याचा संभव असतो.