दिवस गेले की पाळी गेली?

नागपूरला उन्हाळी सुटीत विज्ञान शिक्षकांचे एक शिबिर होते. संप्रेरकांवरचे आमचे सत्र भर दुपारी, कूलरच्या घरघरीत पार पडले. या विषयावर तोंडी प्रश्न फारसे येत नाहीत, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे आम्ही दाराशी एक खोके ठेवून चिठ्ठ्या टाकायला सांगितले होते. संध्याकाळी खोके उघडले. बहुतेक चिठ्ठ्या थायरॉईड आणि मधुमेहाच्या होत्या. एक मात्र वेगळी होती : "वय ४४. दोन महिने होत आले, पाळी नाही. ऑपरेशन झालेले आहे. गेली असे समजावे का? की काही दुसरे?" खाली नाव नव्हते. 'काही दुसरे' या शब्दांखाली रेघ मारलेली होती.

मराठीची गंमत अशी, की दोन्ही शक्यतांसाठी आपण एकच क्रियापद वापरतो. गर्भ राहिला तर 'दिवस गेले' आणि रजोनिवृत्ती झाली तर 'पाळी गेली'. बाहेरून दिसणारी खूणही एकच : महिना उलटला, पाळी आली नाही. शरीरात जे घडलेले असते ते मात्र परस्परांच्या अगदी उलट असते.

हे समजण्यासाठी पाळी मुळात का येते ते पाहू. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एफएसएच नावाचे संप्रेरक रक्तात येते. त्याच्या प्रभावाने बीजांडकोशातील एक पुटक वाढते आणि इस्ट्रोजेन स्रवू लागते. इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की पीयूषिका एलएच या दुसऱ्या संप्रेरकाचा मोठा लोट सोडते, पुटक फुटते आणि स्त्रीबीज बाहेर पडते. फुटलेल्या पुटकाचे रूपांतर पिवळसर रंगाच्या एका तात्पुरत्या ग्रंथीत होते. तिला पीतपिंड म्हणतात. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन तयार करून अस्तर टिकवून धरतो. पण त्याचे आयुष्य सुमारे १४ दिवसांचे. तो सुकला की प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तर गळून पडते आणि पाळी येते. म्हणजे पाळी येणे हे पीतपिंडाच्या मृत्यूचे वर्तमान आहे.

आता पाळी लांबण्याची दोन कारणे शेजारी ठेवून पाहा. गर्भ राहिला, तर गर्भाभोवतीच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक बनवतात. ते पीतपिंडाला जगवते, म्हणून पाळी येत नाही. रजोनिवृत्तीकडे जाणाऱ्या काळात मात्र कित्येकदा त्या महिन्यात स्त्रीबीज बाहेरच पडत नाही. पीतपिंड तयारच होत नाही, मग तो सुकणार कसा? एका बाबतीत पीतपिंड मरत नाही, दुसऱ्या बाबतीत तो जन्मतच नाही. अस्तर दोन्हीकडे जागेवर राहते आणि बाई कॅलेंडराकडे पाहत राहते.

स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. जन्मवेळी १० ते २० लाख बीजे असतात, वयात येताना ३ ते ४ लाख उरतात आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती फक्त चार-पाचशे. बाकीची वाटेतच जिरून जातात. चाळिशीनंतर साठा आटत आला, की उरलेली पुटके पीयूषिकेच्या हाकेला नीट ओ देत नाहीत. पीयूषिका मग आवाज चढवते, म्हणजे एफएसएच वाढते. एखादा महिना पुटक ऐकते, एखादा महिना ऐकत नाही.

शरीराच्या या कोड्याने एके काळी प्रयोगशाळांनाही चकवले होते. बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी १९२७-२८ च्या सुमारास गर्भनिदानाची पहिली विश्वसनीय चाचणी शोधली. बाईची लघवी वयात न आलेल्या उंदरीला टोचायची, काही दिवसांनी उंदरी मारून तिचे बीजांडकोश तपासायचे. ते वाढलेले, रक्ताळलेले दिसले तर बाईला दिवस गेलेले. पण पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतही बीजांडकोशांना उत्तेजित करणारे पदार्थ असतात, हे लवकरच लक्षात आले. ते पदार्थ म्हणजे पीयूषिकेने चढवलेला आवाजच, एफएसएच आणि एलएच. (याचा पुढे भलताच उपयोग झाला. १९५० च्या दशकात इटलीत वृद्ध जोगिणींच्या मठांतून लघवी गोळा करून त्यातून हे पदार्थ वेगळे काढले गेले आणि मूल न होणाऱ्या स्त्रियांसाठी औषध तयार झाले. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या वृद्धांमुळे इतरांच्या घरी पाळणा हलला!)

१९६० मध्ये स्वीडनमधील वाइड आणि गेमझेल यांनी प्राणी बाजूला ठेवून प्रतिपिंडांवर आधारित चाचणी आणली. तरीही घोटाळा पूर्ण संपला नाही, कारण एचसीजी आणि एलएच ही भावंडे आहेत. दोन्हींचे रेणू दोन साखळ्यांचे बनलेले असतात. ९२ अमिनो आम्लांची अल्फा साखळी दोन्हींत सारखीच. बीटा साखळी वेगळी, पण तीही बरीचशी मिळतीजुळती. एचसीजीच्या बीटा साखळीला मात्र एक जादा शेपूट असते. एलएचमध्ये १२१ अमिनो आम्ले, तर एचसीजीमध्ये १४५. सुरुवातीची प्रतिपिंडे ही भावंडे नीट ओळखू शकत नसत. त्यामुळे एलएच वाढलेल्या, पाळी जात आलेल्या बाईची चाचणी 'होय' अशी येऊ शके. १९७२ मध्ये अमेरिकेत व्हायटुकायटिस, ब्राउनस्टाइन आणि रॉस यांनी बीटा साखळी ओळखणारी प्रतिपिंडे वापरली आणि हा गुंता सुटला. आज औषधांच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळणारी पट्टी याच तत्त्वावर चालते. पट्टीवरून लघवी पुढे सरकताना एचसीजी असेल तर ते रंगीत कणांना जोडलेल्या प्रतिपिंडांना चिकटते, आणि पुढे पट्टीवर बसवलेली दुसरी प्रतिपिंडे ही जोडी अडवून धरतात. तिथे रेघ उमटते. दुसरी रेघ फक्त पट्टी नीट चालली एवढेच सांगते. आशाताईंकडे मिळणारा 'निश्चय' संच हाही असाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांसमोर उत्तर दिले : आधी ही चाचणी करा, 'गेली' हा शब्द नंतर. काही पुरुष शिक्षक खिडकीबाहेर पाहू लागले. पण 'ऑपरेशन झाले आहे ना!' असे कोणीतरी पुटपुटले आणि ते बरेच झाले, कारण खरा मुद्दा तोच आहे.

महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले असते. ते फार खात्रीचे असते, पण शंभर टक्के नाही. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत (१९९६) ऑपरेशन झालेल्या १०,६८५ स्त्रियांकडे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांत १४३ गर्भ राहिले. दहा वर्षांचा हिशेब हजारी साधारण १८ असा निघाला. चव्वेचाळिशीत ही शक्यता आणखी कमी होते हे खरे. तथापि त्या १४३ पैकी ४७ गर्भ गर्भाशयात नव्हते, बहुधा नळीत अडकलेले होते. नळीतला गर्भ वाढला तर नळी फुटते आणि पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो. शिवाय अशा वेळी थोडे रक्त अंगावर जाते आणि 'आली एकदाची, जरा कमीच आली' असा समज होतो. पाळी लांबलेली, ओटीपोटात एका बाजूला दुखते, चक्कर येते, अशी लक्षणे असतील तर चाचणीतही वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. अशी बाई घरी पडून राहते ती अज्ञानामुळे कमी आणि संकोचामुळे अधिक, असे आमचे मत आहे. मुलगी कॉलेजात असताना आईने पट्टी कशी विकत आणावी?

वेळेला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये बदल झाले. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि विशिष्ट गटांतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, गर्भपात करता येतो. साधन निकामी ठरणे हेही मान्य कारण आहे. पण आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. 'पाळी जात असेल' म्हणत काढलेले दोन महिने त्यातूनच वजा होतात. मूल हवे असेल तरी या वयात रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी जितकी लवकर तितकी बरी.

तिसऱ्या दिवशी खोक्यात त्याच अक्षरातली चिठ्ठी होती : "चाचणी केली. नाही. म्हणजे गेली ना?"

इथे उत्तर अवघड होते. गर्भ आहे की नाही हे पाच मिनिटांत कळते, रजोनिवृत्ती मात्र त्या दिवशी कळतच नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच मागे वळून 'ती शेवटची होती' असे म्हणता येते. एफएसएच तपासले तर? या वयात ते एका महिन्यात चढलेले आणि पुढच्या महिन्यात उतरलेले असू शकते. म्हणून पंचेचाळिशीच्या पुढे केवळ त्यासाठी ही तपासणी करू नये, असे ब्रिटनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेने सांगितले. २००१ मध्ये अमेरिकेतील यूटाह राज्यात तज्ज्ञांची एक कार्यशाळा भरली होती. तिने या संक्रमणकाळाचे टप्पे ठरवले आणि पुढे त्यांत सुधारणा झाली. त्यानुसार ६० दिवस किंवा अधिक पाळी न येणे ही उत्तरार्धाची खूण मानतात. हा उत्तरार्ध साधारण एक ते तीन वर्षे चालतो. आपल्याकडे रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, युरोप-अमेरिकेत ५१. तेव्हा ४४ हे वय सुरुवातीला शोभणारे आहे. पण पाळी पुन्हा येऊ शकते आणि एखाद्या महिन्यात स्त्रीबीजही बाहेर पडू शकते. ऑपरेशन न झालेल्यांनी म्हणूनच साधन लगेच सोडू नये : पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे, पन्नाशीनंतर एक वर्ष.

थायरॉईडचा बिघाड, काही औषधे, एकदम घटलेले किंवा वाढलेले वजन, घरातला मोठा ताण यांनीही पाळी लांबते. चाळिशीच्या आतच पाळी थांबली असेल तर तपासणी हवीच. चाचणी नकारार्थी येऊनही पाळी आली नाही, तर आठवड्याने ती पुन्हा करावी, आणि मग डॉक्टरांकडे जावे.

शिबिराला गडचिरोलीचेही शिक्षक आले होते, म्हणून त्यांच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगितली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. 'वयाचे आहे, जाता जाता असेच होते' या समजुतीखाली काय काय झाकले जाते, त्याचा यावरून अंदाज येतो. अतोनात रक्त जाणे, गाठी पडणे, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणे हे 'जाण्याचे' म्हणून सोसायचे नसते. एक वर्ष पाळी बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर ती पाळी परत आली असे मानायचे नाही. गर्भाशयाच्या कर्करोगाची शंका फेडून घ्यायची.

चहाच्या वेळी एका शिक्षकांनी विचारले, बायकोच्या तारखा कॅलेंडरवर कोणी लिहायच्या, तिने की आम्ही? ज्याला पेन्सिल सापडेल त्याने, असे आम्ही म्हणालो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचाच असतो, आणि निम्म्या वेळा उत्तर येते, "बहुतेक पोळ्याच्या आधी."