क्लास बदलला म्हणजे सगळी मेहनत पाण्यात?

फँटसी रोल-प्लेइंग गेम सुरू होण्याआधीच प्रश्न येतो: योद्धा व्हायचे, जादूगार व्हायचे की चोर? लढाई कशी चालते याचा पत्ता नसताना निवड करावी लागते. पंधरा-वीस तासांनंतर तो योद्धा कंटाळवाणा वाटू लागला, तरी अनेक खेळाडू त्यालाच पुढे रेटत राहतात, कारण मधेच क्लास बदलला तर आतापर्यंतची मेहनत वाया जाईल अशी त्यांची खात्री असते. ही समजूत हवेतून आलेली नाही. काही जुन्या गेम्सचा तो खराखुरा नियम होता. गेम्स बदलले, नियम बदलले, धास्ती मात्र तशीच राहिली.

1988 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’मध्ये विसाव्या लेव्हलनंतर एका मंदिरात जाऊन साथीदारांचा पेशा बदलता येई. बदलला की पात्र पुन्हा पहिल्या लेव्हलवर येई आणि ताकद, चपळाई वगैरे आकडे निम्मे होत. शिकलेले मंत्र मात्र जात नसत, आणि ते निम्मे आकडेही कोऱ्या पात्राच्या मानाने चांगलेच वर असत. आंतरजिल्हा बदली घेतलेल्या शिक्षकाचे असेच होते: सेवाज्येष्ठता जाते, पण शिकवण्याचा हात कोणी काढून घेत नाही. 2000 सालच्या ‘बाल्डर्स गेट २’चा नियम जास्त जाचक होता. तिथे असा बदल फक्त मानव पात्राला, तोही एकदाच करता येई. नवव्या लेव्हलचा योद्धा जादूगार झाला की त्याची तलवारबाजी झोपी जाई, आणि जादूगार म्हणून दहावी लेव्हल गाठेपर्यंत ती जागी होत नसे. तोवर पार्टीतल्या इतरांनी त्याला सांभाळून न्यायचे. त्याच वर्षीच्या ‘डायब्लो २’मध्ये तर क्लास सोडाच, चुकीच्या कौशल्यात टाकलेला पॉइंटही परत मिळत नसे, ती सोय 2010 मधल्या 1.13 पॅचने आली. ज्यांनी हे सोसले त्यांनी ‘आधीच नीट विचार करून निवड, नंतर सुटका नाही’ असा सल्ला दिला असेल, तर त्यांचे चुकले नव्हते.

आता 2023 चा ‘बाल्डर्स गेट ३’ घ्या. इथे छावणीत विदर्स नावाचा एक सुकलेला, सांगाड्यासारखा म्हातारा उभा असतो. 100 सोन्याची नाणी दिली की तो तुमचा किंवा तुमच्या साथीदाराचा क्लास पुसून देतो. पात्र पहिल्या लेव्हलवर येते, पण मिळवलेला अनुभव जसाच्या तसा राहतो. लागलीच एकेक लेव्हल चढवत, नव्याने निवड करत तुम्ही होतात तिथे पोहोचता. ताकद, बुद्धी यांचे गुणही पुन्हा वाटता येतात. हे हवे तितक्या वेळा करता येते. (विदर्सचा खिसा कापून तीच नाणी परत मिळवणारे महाभागही आहेत, आणि गेम त्यांना अडवत नाही.) म्हणजे ‘मेहनत पाण्यात’ हे इथे साफ खोटे आहे.

पण म्हणून दुसऱ्या टोकाला जाऊन ‘बदलाला काही किंमतच नाही’ म्हणणेही चूक. किंमत आहे, ती वेगळ्या खिडकीवर भरावी लागते. जुना क्लास पुसून नवा घेणे आणि जुन्यावर दुसरा चढवणे, म्हणजे मल्टिक्लास करणे, या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. पहिलीला जवळपास फुकटात परवानगी आहे. खरा तोटा होतो तो दुसरीत. पाचव्या लेव्हलचा निव्वळ योद्धा एका खेपेत दोन वार करतो. पाचव्या लेव्हलचा निव्वळ जादूगार ‘फायरबॉल’ टाकतो. योद्ध्याच्या तीन आणि जादूगाराच्या दोन लेव्हल घेतलेल्या पात्राला यातले एकही जमत नाही. शिवाय ‘फीट’ हा खास गुण एखाद्या क्लासच्या चौथ्या लेव्हलला मिळतो, एकूण चौथ्या लेव्हलला नव्हे. म्हणून तोही हुकतो. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा नेमका इथे मागे पडतो, आणि बाराव्या लेव्हलला गेम थांबत असल्याने भरपाईला जागाही थोडी.

तरीही मल्टिक्लास म्हणजे कायम दुबळे पात्र, हाही गैरसमजच. वादळाच्या देवतेच्या पुजाऱ्याच्या, म्हणजे क्लेरिकच्या, फक्त दोन लेव्हल घेतल्या की विजेच्या एका प्रहाराचे नुकसान कमाल आकड्यावर नेता येते. त्याला सॉर्सरर या क्लासची जोड द्या. ‘लायटनिंग बोल्ट’चे आठ फासे एरवी सरासरी 28 देतात, ते थेट 48 होतात; शत्रू आधी पाण्याने भिजवला असेल तर 96. निव्वळ सॉर्सररला अशी हमी मिळत नाही. पण तिसऱ्या पातळीचा हा मंत्र मिळायला सॉर्सररच्या पाच लेव्हल लागतात, म्हणजे ही जोडी सातव्या लेव्हलला फळते. क्रमही महत्त्वाचा. योद्धा हा पहिला क्लास असेल तर जड चिलखत वापरता येते, नंतर जोडला तर नाही. पहिल्या लेव्हलपासून अशा जोडीकडे चालत गेले तर मधला काळ खडतर. आधी सरळ क्लास चालवून मग विदर्सकडे जाऊन योग्य क्रमाने मांडणी केली तर काहीच त्रास नाही. मधेच बदल करणे अनेकदा सुरुवातीपासून मिश्र पात्र चालवण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते ते यामुळे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की ही पळवाट आहे, निवड मागे घेता आली तर तिला अर्थ काय उरला? आक्षेपात तथ्य आहे, पण थोडेच. जिथे हार म्हणजे खेळ खल्लास, त्या ‘ऑनर मोड’मध्येही निर्मात्यांनी विदर्सला काढलेले नाही, त्यांनाच ती फसवणूक वाटत नसेल तर आपण का मानावी? शिवाय गेममधल्या ज्या निवडी जड असतात, त्या विदर्सच्या हातात नाहीत. गॉब्लिनांची साथ देऊन तुम्ही ड्रुइडांचे वन उद्ध्वस्त केले, तर 100 नाण्यांत ते परत उभे राहत नाही. गेल या जादूगार साथीदाराला बार्बेरियन केले तरी त्याची कहाणी जादूगाराचीच राहते. मागे घेता येते ती फक्त अज्ञानात केलेली हिशेबी निवड. ‘ऑब्लिव्हियन’ या गेमने 2006 मध्येच हे ओळखले होते: पहिल्या भुयारातून बाहेर पडताना क्लास बदलण्याची एक संधी तिथे होती. दर लढाईआधी क्लास फिरवणाऱ्याचा खेळ मात्र पोकळ होतो, यात शंका नाही.

एका गेमचा नियम दुसऱ्याला लावू नका, एवढे पथ्य पाळा. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये पैसे मोजून पात्राचा वंश बदलता येतो, क्लास आजही नाही. ‘फायनल फँटसी १४’मध्ये हातातले शस्त्र बदलले की पेशा बदलतो आणि प्रत्येक पेशाची लेव्हल वेगळी जपली जाते. ‘एल्डन रिंग’मध्ये सुरुवातीचा क्लास म्हणजे निव्वळ आरंभीचे आकडे आणि सामान; रेनाला या बॉसला हरवल्यावर गुण पुन्हा वाटता येतात, पण त्यासाठी लागणारे ‘लार्व्हल टिअर’ मोजकेच मिळतात. ‘बाल्डर्स गेट ३’ खेळत असाल तर पाचव्या लेव्हलपर्यंत एकच क्लास चालवा, मग खुशाल बदला. फक्त बदलण्याआधी अंगावरचे चिलखत नव्या क्लासला चालते का ते बघा, नाहीतर ते घालून एकही मंत्र टाकता येणार नाही.