पुरावा कोणी द्यायचा?

१ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. त्याआधी, १९९५ पासून, मुंबई-दिल्लीसह चार महानगरांत ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेल्या नव्या गाड्यांसाठी मिळत असे. आता पंपावर उभे राहताना यातले काही कोणाला आठवत नाही. पण पेट्रोलमधले शिसे जायला जगाला जवळपास शंभर वर्षे लागली, आणि त्यातली कित्येक वर्षे एकाच प्रश्नात खर्ची पडली : अपाय होतो याचा पुरावा कुठे आहे?

डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांच्या लक्षात आले, की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड किंचित मिसळले की इंजिनाचे नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक, थांबते. शिसे विषारी आहे हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे रसायन हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला यावर परिषद भरली. विषारी द्रव्यांचे अभ्यासक ॲलिस हॅमिल्टन आणि यँडेल हेंडरसन यांनी बजावले, की धोका कारखान्यापुरता नाही, हे शिसे रस्त्यारस्त्यावर पसरेल. पुढच्या वर्षी सरकारी समितीने निर्वाळा दिला, की बंदी घालण्याइतके सबळ कारण दिसत नाही. मात्र सरकारी खर्चाने अभ्यास चालू ठेवावा. बंदी नाही, एवढेच सर्वांनी उचलले. सरकारी अभ्यास झालाच नाही. माझ्या मते खरी चूक इथे झाली.

मोकळी राहिलेली जागा उद्योगाने भरली. सिनसिनाटीचे डॉ. रॉबर्ट केहो पुढे चाळीस वर्षे या विषयातले अधिकारी पुरुष मानले गेले आणि त्यांच्या प्रयोगशाळेचा खर्च शिसे विकणाऱ्या कंपन्या करत होत्या. मोटारी न पोहोचलेल्या मेक्सिकोतल्या खेडुतांच्या शरीरातही त्यांना शिसे आढळले. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की थोडे शिसे माणसाच्या अंगात असायचेच. पण त्या खेडुतांची भांडी शिशाचा मुलामा दिलेली होती. तुलनेसाठी निवडलेली माणसेच दूषित होती.

हे उघड झाले ते एका वेगळ्याच वाटेने. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचे वय काढत होते. १९५६ साली त्यांनी ४५५ कोटी वर्षे हा आकडा प्रसिद्ध केला. त्यासाठी सूक्ष्म मोजमाप हवे होते, पण हवा, पाणी, काचेची उपकरणे, माणसाचा हात, जिथे बघावे तिथे बाहेरचे शिसे! ते टाळण्यासाठी कॅल्टेकमध्ये त्यांनी अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि त्या ओघात हे शिसे मुळात येते कुठून, हा प्रश्न त्यांना पडला. १९६५ साली त्यांनी लिहिले, की अमेरिकी माणसाच्या अंगातले शिसे निसर्गतः असायला हवे त्याच्या सुमारे शंभरपट आहे. सर्रास आढळते ते स्वाभाविक असतेच असे नाही, हा साधा भेद त्यांनी मोजून दाखवला. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांतही त्यांना शिशाचे प्रमाण काळानुसार चढत गेलेले दिसले. तरीही १९७१ साली हवेतल्या शिशावर अहवाल देणाऱ्या राष्ट्रीय समितीत त्यांना जागा मिळाली नाही. एवढ्या जाणकार माणसाला बाहेर ठेवणे आजही खटकते.

१९७३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने टप्प्याटप्प्याने शिसे कमी करण्याचे नियम केले. पेट्रोलमध्ये घालायचे हे शिसे विकणारी एथिल कंपनी न्यायालयात गेली. १९७६ मध्ये न्यायालयाने जे म्हटले ते या सगळ्या कहाणीतले सर्वांत मोलाचे : धोका संभवतो एवढे शास्त्राधारे दिसले तरी सरकार हात घालू शकते, अपाय पूर्ण सिद्ध होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. पन्नास वर्षे उलट दिशेने चाललेला वाद तिथे वळला.

पुरावा मग भराभर आला. बालरोगतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचा बुद्ध्यंक कमी आणि वर्गात लक्षही कमी, हे त्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केले. दरम्यान १९७६ ते १९८० या काळात अमेरिकी लोकांच्या रक्तातले शिसे सरासरी ३७ टक्क्यांनी उतरले होते, आणि ही उतरण पेट्रोलमधल्या शिशाच्या घसरणीबरोबरच चालली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नियम सैल करण्याचा विचार चालला होता, तो या आकड्यांपुढे टिकला नाही. उलट नियम आणखी कडक झाले. अमेरिकेत मोटारींच्या पेट्रोलसाठी पूर्ण बंदी १९९६ ला आली, पॅटरसन वारल्यानंतर महिन्याभरातच. शेवटचा देश अल्जीरिया, २०२१.

मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅम शिसे ही १९६० च्या दशकात अमेरिकेत मर्यादा होती. ती उतरत उतरत १९९१ मध्ये १० वर आली, २०२१ मध्ये ३.५ वर, आणि सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असे आता जागतिक आरोग्य संघटना सांगते. १९६५ साली रक्तात ४० मायक्रोग्रॅम असलेले मूल दवाखान्यातून निरोगी म्हणून घरी गेले असते.